भेट समिती आणि भुईचं डोहाळजेवण

ऑक्टोबरमधला रविवार, दुपारचे तीन. स्थळ : हुबळीत विद्यानगरच्या पलीकडे एका ट्रस्टने चालवलेल्या वृद्धाश्रमाचा हॉल. हजर : पाळकसाहेब; जेकबअण्णा, पेटीसह; सरोज टीचर, गीतांच्या पुस्तकांसह; मी, चिटणीस, केळ्यांसह. आश्रमाकडून मॅनेजर हिरेमठ आणि खुर्च्यांवर आणून बसवलेले सारे रहिवासी, त्यांतले निम्मे झोपेत. गैरहजर : ज्यांना खाटेवरून उठवता येत नव्हतं ते. त्या दुपारी भाग्यवान कोण असा प्रश्न कुणी विचारला असता, तर मी त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या भेट समितीची मी चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे जी माणसं मोजते, केळी मोजते आणि येण्याजाण्याची व्यवस्था करते. पुण्य समितीच्या नावावर जमा होतं. पोटापाण्यासाठी मी एका इस्पितळाच्या भांडारात काम करते. चादरी, साबण, सुया, सगळं मोजून द्यायचं आणि मोजून परत घ्यायचं. हे काम नीट करणारी बाई म्हाताऱ्या माणसांचंही नीट करील, असं मंडळीला वाटलं असावं. निवड बिनविरोध झाली. आमच्याकडे कष्टाच्या पदांच्या निवडणुका नेहमीच बिनविरोध होतात.

वृद्धाश्रमात भेटायला जाणं हे मायेचं काम, असा बाहेर समज आहे. माया लागते, पण ती शेवटी. आधी लागतात मऊ केळी, साखर असलेल्यांसाठी खारी बिस्किटं, आणि खाली बसता येणारे गुडघे. कारण खाटेवरच्या माणसाशी उभ्याने बोललं की तो मान वर करकरून थकतो आणि आपल्याला वाटतं, त्याला झोप आली. ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. ओळखलं नसेल तर ते ओशाळतात, आणि ओळखलं असेल तर आपण कशाला विचारतोय म्हणून वैतागतात. आल्याआल्या आपलं नाव सांगावं, सरळ. मुलांबद्दल आपण होऊन विचारू नये. आणि निघताना ‘पुन्हा येईन’ म्हणायचं असेल तर वार सांगावा. तिथे सगळे वार मोजत असतात.

हे नियम मी समितीला लिहून दिले होते. सर्वांनी कौतुक केलं. पुढच्याच रविवारी सरोज टीचर एका आजींपुढे उभ्या राहून खणखणीत आवाजात विचारत होत्या, “आजी, ओळखलंत का मला?”

आजी म्हणाल्या, “हो की. तुम्ही त्या ओरडणाऱ्या.”

आमची वेळ तीनची का, याचाही खुलासा करायला हवा. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना कुणाकडे तरी जेवण असतं, ते अडीचला उरकतं. म्हणून तीन. आश्रमात दीड ते चार झोपेची वेळ असते. आम्ही येणार म्हणून आया सगळ्यांना उठवून, केस विंचरून, तोंडावरून ओला हात फिरवून हॉलमध्ये बसवतात, हे मला बरंच उशिरा कळलं. आपण येतो तेव्हा सगळे किती ताजेतवाने दिसतात, असं आम्ही परतताना एकमेकांना सांगत असू. वेळ बदलण्याचा ठराव मी मांडला. तो विचाराधीन आहे.

तरीही गिऱ्हाइकं आमच्यावर टिकून होती. धारवाडचे कुलकर्णी मास्तर, गणिताचे, जन्मभर संध्या केलेले. ते एकही प्रार्थनासभा चुकवीत नसत. पहिल्या रांगेत घड्याळ मांडीवर ठेवून बसत आणि शेवटी पाळकसाहेबांना निकाल सांगत. “साहेब, सिद्धांत बरोबर आहे तुमचा. सिद्धता लांबली.” पाळकसाहेब हे हसून घेत. पुढच्या खेपेला सिद्धता आणखी लांबे.

आणि होती गंगाक्का. अळणावरजवळच्या एका खेड्यातली. सगळं आयुष्य भाताच्या चिखलात ओणवं गेलेलं, त्यामुळे खुर्चीतही ती किंचित वाकूनच बसायची, जणू रोपांची पुढची मूठ लावायची आहे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिचं दीड एकर पुतण्या मारुती कसायचा. खुब्याचं हाड मोडल्यावर तिला न्हाणीपर्यंत न्यायलाही घरात दिवसा कुणी नसे, म्हणून मारुतीने तिला इथे आणून ठेवलं. पुतण्या वाईट नव्हे. दिवाळीला लुगडं आणि पोहे घेऊन येई, दारात चप्पल काढे, आणि बस चुकेल म्हणून दहा मिनिटांत निघे. गंगाक्का आमच्याशी मराठीत बोलायची, आयांशी कन्नडमध्ये, आणि देवाशी ज्या भाषेत शब्द आधी सापडेल तीत.

सभेच्या शेवटी पाळकसाहेब विचारत, कुणाचे काही प्रार्थनेचे विषय? मग कुणी गुडघे सांगे, कुणी मुलाचं दुबईतलं काम, कुणी पोट साफ होत नाही ते. मी टिपून घेई, पाळकसाहेब प्रार्थना करत. गंगाक्काचा विषय वर्षातून एकदाच यायचा, दसऱ्यानंतर. शिगी पौर्णिमेला शेतात जायचंय. पाळकसाहेब डोळे मिटून म्हणत, हे दयाळू पित्या, या बहिणीच्या मनाची ओढ तू जाणतोस. पित्याने जाणली, आम्हीही जाणली, आणि केळी वाटून घरी आलो. असं तीन वर्षं चाललं. माझा प्रार्थनेवर विश्वास आहे. पण एखादं काम टाळायचं असेल तर तिच्याइतका पवित्र मार्ग दुसरा नाही, हेही मला समितीत राहून समजलेलं आहे.

शिगी पौर्णिमा म्हणजे तुमची कोजागरी. आमच्या भागात त्या दिवशी दूध आटवून गच्चीवर बसत नाहीत. भात तेव्हा पोटरीत असतं, कणीस अजून पात्याच्या आत, म्हणजे भुई गरोदर. गरोदर बाईचे डोहाळे पुरवायचे, तसं शेताला जेवण घालायचं. पाच भाज्या, कडबू, होळगी म्हणजे पुरणपोळी, भात, सगळं कालवून टोपलीत घ्यायचं आणि बांधाबांधाने फिरत चारी कोपऱ्यांत शिंपडायचं. त्याला चरग म्हणतात. याला माणसं दोन लागतात. पुढचा घास टाकतो आणि हाक देतो, “हुल्लुल्लिगो!” मागचा तांब्यातलं पाणी शिंपतो आणि उत्तर देतो, “सल्लांब्रिगो!” गावोगावी शब्द थोडे बदलतात. अर्थ कुणालाच माहीत नाही, पण उत्तर आल्याशिवाय पुढचा घास पडत नाही.

तर त्या ऑक्टोबरच्या रविवारी पाळकसाहेबांनी विषय विचारले आणि गंगाक्काने हात वर केला. पाळकसाहेब म्हणाले, गंगाक्का, तुमचा विषय आमच्या लक्षात आहे, आणि डोळे मिटू लागले.

“थांबा वाईच,” ती म्हणाली. “तीन सालं तुम्ही देवाला सांगताय. देवाला गाडी येत नसंल चालवाया. ह्या अण्णाला येतीया.”

बोट जेकबअण्णाकडे. अण्णाचा हात पेटीच्या भात्यावर होता. भाता दबला आणि पेटीतून एक करुण सूर निघाला. झोपलेला निम्मा हॉल जागा झाला.

मी तिच्यापुढे खाली बसले. एवढी ओढ कशासाठी, हे तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. तिचा दुसरा खुबाही धरत चालला होता. पुढल्या साली बसती होईन की नाही, ठाऊक नाही, असं ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्ही वर जायाचं बोलता, बाई. आमच्यात पुरत्यात. मला खाली तिच्यातच जायाचंय. उपाशी ठेवलेल्या आईच्या पोटात कुठल्या तोंडानं शिरू?”

कुलकर्णी मास्तरांनी मांडीवरचं घड्याळ उचलून खिशात टाकलं. “साहेब,” ते पाळकसाहेबांना म्हणाले, “ही सिद्धता बघा. तीन ओळीत.”

समितीची तातडीची सभा चर्चच्या मागच्या खोलीत भरली. पाळकसाहेबांनी विचारलं, तिथे मूर्ती असते का? मी म्हटलं, नाही, भात असतं. मग भाताला नमस्कार होतो का? मी म्हटलं, तो आपणही जेवायच्या आधी हात जोडून करतो. हे त्यांना आवडलं नाही. सरोज टीचरांना मंडळीतल्या लोकांची काळजी. उद्या कुणी म्हणेल, भेट समिती अन्यदैवतांच्या पूजेला गाड्या पुरवते. जेकबअण्णा गाडीची किल्ली बोटावर फिरवत बसला होता. शेवटी विषय वरच्या समितीकडे पाठवायचं ठरलं. वरची समिती डिसेंबरात बसते. पौर्णिमा गुरुवारी होती. भुईने तोवर कळ काढावी, अशी समितीची अपेक्षा होती.

मी इस्पितळातून गुरुवारची रजा टाकली. हिरेमठांना विचारलं. त्यांचा नियम साधा होता. रहिवाशाला बाहेर न्यायचं तर नातेवाइकाचा होकार, नेणाऱ्याची सही आणि संध्याकाळी सहाच्या आत परत. मारुतीच्या गावात किराणा दुकानात फोन होता. त्याला बोलावून आणेपर्यंत मी फोन धरून एका बकरीचं बोलणं ऐकत राहिले. मारुती आधी म्हणाला, कशाला तिला त्रास. मग म्हणाला, आणायचंच असलं तर आणा.

राहिली गाडी. जेकबअण्णाची स्वतःची ओम्नी होती. बुधवारी संध्याकाळी तो आपणहून घरी आला, चहा प्याला, आणि बशी खाली ठेवत म्हणाला, “अक्का, मी डायव्हर म्हणून येतोय री. समितीचा सभासद घरी झोपलाय. तिथं मी तोंड रस्त्याकडं करून बसणार.”

स्वयंपाक मी केला. गंगाक्काला आधी विचारलं होतं, माझ्या घरचं चालेल का. आमच्या चुलीवर काय काय शिजतं ते तुला माहीत आहे. ती म्हणाली, “भुईला कशाची जात? पोट हाय तिला. मीठ बघून घाल.”

धारवाड ओलांडून आम्ही अळणावरच्या वाटेला लागलो. गंगाक्का मागे उशांत रचलेली, टोपली तिच्या मांडीवर; दर खड्ड्याला ती टोपली सावरायची, स्वतःला नाही. शेत रस्त्यालगतच होतं. भात कमरेएवढं, पोटरीत आलेलं. आणि बांधावर मारुतीसह गावातली सात-आठ माणसं हात बांधून उभी. मी समजले, स्वागताला आलीत.

स्वागत नव्हतं. दुकानातल्या फोनवर बोललेलं सगळं गावाने ऐकलेलं होतं, आणि त्याचा अर्थही लावलेला होता. त्यांतला एक वयस्क माणूस ओम्नीपुढे येऊन थंडपणे म्हणाला, चर्चवाल्यांनी म्हातारीला शेतावर कशाला आणलंय ते आम्हाला कळतं. अंगठा घ्यायला. दीड एकर, रस्त्यालगत.

मला हसू आलं. तिकडे आमच्या मंडळीला भीती, ही बाई भाताची पूजा करून बाटेल. इकडे यांना भीती, आम्ही भातासकट शेत बाटवू. दोन्हीकडच्या सभा एकाच दर्जाच्या होत्या. एवढंच की यांच्याकडे चहा नव्हता. मी शांतपणे सांगायला सुरुवात केली, आम्ही कोण, कुठून आलो, कशासाठी. जेवढं नीट सांगावं तेवढा संशय वाढत होता. नीटनेटकं बोलणारी बाई म्हणजे कागदपत्रं तयार असणार.

मागून गंगाक्का म्हणाली, “अरे बसप्पा, अंगठा हाय कुठं? भात लावून लावून झिजला. शाई लावली तरी उमटत न्हाई. काय घेत्यात ते?” आणि तिने अंगठा खिडकीतून बाहेर काढून दाखवला. बसप्पाने तो खरंच बघितला. मग बाजूला सरकला.

मारुती पुढे आला. तो तिला दोड्डव्वा म्हणतो, म्हणजे थोरली आई. तिने त्याला एकच विचारलं, तीन सालं चरग का घातला नाहीस? मारुतीची बायको मुलांच्या शाळेसाठी जुन्या हुबळीत खोली घेऊन राहत होती. घरी हा एकटा.

“हाक मारीन गं मी, दोड्डव्वा,” तो म्हणाला. “उत्तर कोण देणार? एकट्यानंच हाक मारून एकट्यानंच उत्तर दिलं तर लोक काय म्हणतील?”

तिने मांडीवरची टोपली बाजूला ठेवली. दोन्ही हात पुढे केले, लहान मूल करतं तसे. मारुती पाठमोरा खाली बसला, आम्ही तिला त्याच्या पाठीवर चढवलं. टोपली त्याच्या डोक्यावर, तिचा हात टोपलीत. तांब्या तिने माझ्यापुढे केला. मला वाटलं होतं गावातलं कुणी घेईल. पण गावकरी हात बांधून होते. चर्चची बाई काय करते ते त्यांना बघायचं होतं.

पहिल्या कोपऱ्यात गंगाक्काने मूठ भरून घास टाकला आणि हाक दिली. एवढ्याशा देहातून तो आवाज कसा निघाला, कोण जाणे. मी पाणी शिंपडलं. तोंड उघडलं. आणि शब्द निघेना.

शब्द मला पाठ होता. गाडीत दोनदा म्हणवून घेतला होता. पण तोंड उघडताक्षणी पाळकसाहेब दिसले, सरोज टीचर दिसल्या, रविवारच्या उपासनेत मला मागून न्याहाळणारे सगळे बाक दिसले. एरवी कोणतंही काम मी वेळेत करते. त्या बांधावर मी तांब्या धरून चादरींच्या थप्पीसारखी उभी होते.

मारुती खालून पुटपुटला, पुढं चलू काय? “उत्तर आल्याबिगर न्हाई,” गंगाक्का म्हणाली. त्याचे पाय चिखलात हळूहळू रुतत होते. गाव बघत होतं.

“सल्लांब्रिगो!”

आवाज ओम्नीतून आला. चर्चच्या गायनमंडळात सर्वांत खालचा सूर जो लावतो, तो. आम्ही सगळे वळलो. जेकबअण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि तोंड त्याने कबूल केल्याप्रमाणे रस्त्याकडेच ठेवलं होतं. पुढच्या घासाला त्याने पुन्हा उत्तर दिलं. त्याच्या पुढच्यालाही. हाक भातातून जायची, उत्तर रस्त्यावरून यायचं, आणि मधे मी, मंडळीची चिटणीस, मुकाट पाणी शिंपडत चाललेली. बसप्पाच्या हातांची घडी सुटली. तिसऱ्या कोपऱ्यात गावातली दोघं-तिघंही अण्णाच्या सुरात सूर मिसळत होती.

चौथ्या कोपऱ्याकडे ओढ्याचं पाणी शिरलं होतं. मारुती गुडघ्यापर्यंत गेला, कलंडला, कसाबसा सावरला. मी घड्याळ पाहिलं. सहाच्या आत परतायचं होतं. मीच म्हटलं, आता वळा. गंगाक्का त्या कोपऱ्याकडे मान वळवून बघत राहिली.

“ते कोपरं ऱ्हायलं,” ती म्हणाली.

“पुढल्या वर्षी,” मी म्हटलं. भांडारात एखादी वस्तू संपली की मी ज्या सुरात सांगते, त्याच सुरात.

परतताना मी जेकबअण्णाला विचारलं, तुला उत्तर कसं ठाऊक? तो बराच वेळ समोरच्या ट्रकला हॉर्न देत राहिला. मग म्हणाला, “आजा शेतकरी होता री, अक्का. बाप्तिस्मा आज्याचा झाला. शेताचा कुठं झाला?”

मागे गंगाक्का घोरत होती. त्या दिवशी तिला कुणी उठवलं नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं, ‘श्रीमती गंगाक्का यांची गावभेट समाधानकारक पार पडली.’ पाळकसाहेबांनी वाचून फक्त एवढंच विचारलं, भात कसं होतं? मी म्हटलं, चांगलं. उरलेल्या दोन होळग्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या विचारपूर्वक खाल्ल्या. डिसेंबरात वरच्या समितीने निर्णय दिला : अशा भेटींना यापुढे पूर्वपरवानगी लागेल. यापुढे म्हणजे झालेली चालली, असा मी अर्थ लावला.

गाजावाजा व्हायचा तो झालाच. आश्रमात विषय बदलले. गुडघे आणि पोट मागे पडलं. एका आजोबांना दुर्गदबैलाच्या बाजारात गाड्यापाशी उभं राहून मिरचीभजी आणि गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे तिखट चुरमुरे, खायचे होते. खाल्लं, आणि पुढचे दोन दिवस आयांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. कुलकर्णी मास्तरांना त्यांच्या शाळेतला फळा बघायचा होता. नेलं. फळ्यावर कुणीतरी सोडवलेलं गणित चुकीचं होतं. मास्तरांनी ते पुसून नव्याने मांडलं, खडूचे हात धोतराला पुसले आणि गाडीत येऊन बसले. पूर्वपरवानगी? अर्ज दरवेळी वेळेवर पाठवते. उत्तर डिसेंबरात येतं.

गंगाक्का अजून आहे. आता तिला बसवता येत नाही. खाटेवर कुशीवर असते. गेल्या वर्षीची पौर्णिमा आली तेव्हा इस्पितळात भांडाराची तपासणी होती, त्याआधीच्या वर्षी मला ताप होता. दोन्ही कारणं खरी आहेत. जेकबअण्णा मुलाकडे बेंगळुरूला गेला आणि तिकडेच त्याला मातीत ठेवलं. मी गेले होते. गायनमंडळ चांगलं होतं, पण खालचा सूर कमी पडत होता.

दर भेटीत मी तिच्या खाटेशेजारी खाली बसते, नाव सांगते. ती डोळे न उघडता विचारते, “कोपरं?” मी म्हणते, राहिलंय. मागच्या खेपेला ती म्हणाली, “मारुती हाक दील. तू हाय की मागं बोलाया.”

तेव्हा सगळं स्पष्ट आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांना हा मजकूर गणपतीच्या आत हवा आहे, पौर्णिमा दसऱ्यानंतर. रजा टाकलेली आहे. पाच भाज्या मिळतात. ओढ्याच्या बाजूने यंदा मारुतीने बांध घातलाय, असं हिरेमठ सांगत होते. शब्द एकच आहे, आणि तो मी स्वयंपाकघरात मिक्सर चालू करून म्हणून पाहिला, निघतो. बंद केल्यावर घसा खाकरावा लागतो.

मारुतीला फोन करून दिवस पक्का करायचा आहे. तो अजून केलेला नाही.